सपोर्ट ग्रुपमुळे आयुष्य दुप्पट होतं? अर्धवट मेसेजचा खुलासा

'स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्ण सपोर्ट ग्रुपमध्ये गेल्या की त्यांचं आयुष्य दुप्पट होतं, अमेरिकेत सिद्ध झालंय' असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे.

मूळ अभ्यास खरा आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी तो १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रिया होत्या. त्यातल्या काहींसाठी वर्षभर दर आठवड्याला दीड तासाची बैठक असायची. मरणाची भीती, घरच्यांशी न बोलता आलेलं, सगळं तिथे मोकळेपणी निघायचं. वेदना सुसह्य व्हाव्यात म्हणून स्वसंमोहनही शिकवायचे. हा गट सरासरी सुमारे ३७ महिने जगला, इतर १९.

मेसेज इथेच थांबतो. २००१ मध्ये कॅनडात पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांवर हीच पद्धत तपासली, तेव्हा आयुष्य वाढलं नाही. २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांच्या नव्या अभ्यासातही एकूण गटात फरक दिसला नाही.

मात्र कॅनडातल्या त्या स्त्रियांचा मानसिक त्रास आणि वेदनेची जाणीव कमी झाली. ज्या आधीच जास्त खचलेल्या होत्या, त्यांना जास्त फायदा झाला. ग्रुपमध्ये जायला मला तरी एवढं कारण पुरेसं वाटतं.

कृपया हा मेसेज रुग्णांना पाठवू नका. उद्या आजार बळावला तर 'तिनेच मन खंबीर ठेवलं नाही' असा ठपका तिच्यावर येतो, आणि तो साफ चुकीचा आहे. झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर उपचार चालू ठेवून डॉक्टरांकडे समुपदेशकाची चौकशी जरूर करा.