‘एरिया सेफ आहे का’ हा अर्धाच प्रश्न

पुण्यात फ्लॅट बघणारा असो की टोरांटोत बेसमेंट शोधणारा, आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: “एरिया सेफ आहे ना?” माणसांच्या दृष्टीने तो विचारायलाच हवा. गाडीच्या बाबतीत मात्र त्याचं उत्तर फारसं कामाला येत नाही. इथे कॅनडात, टोरांटो आणि आसपासच्या पील, यॉर्क भागांत अलीकडच्या वर्षांत शांत, सुखवस्तू गल्ल्यांतल्या ड्राइव्हवेवरून गाड्या सर्रास गेल्या. इथला चोर आधी मॉडेल हेरतो. होंडा सीआर-व्ही, टोयोटा हायलँडर, लेक्सस आणि रेंज रोव्हरच्या एसयूव्ही ही त्याची नेहमीची यादी. म्हणून नव्याने येणाऱ्याने घर ठरवण्याआधी गाडी नीट ठरवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात वाहनचोरीचा विषय निघाला की चर्चा तीन मुद्द्यांवर थांबते: सीसीटीव्ही, पोलिसांची गस्त आणि भाडेकरूंची पडताळणी. जोडीला ‘हे सगळं बाहेरून आलेल्यांमुळे’ आणि ‘परदेशात असलं काही नसतं’ ही दोन वाक्यं हमखास येतात. दुसरं वाक्य तर सरळ चूक आहे. २०२३ मध्ये कॅनडातल्या विमा कंपन्यांनी वाहनचोरीच्या दाव्यांपोटी सुमारे दीड अब्ज डॉलर मोजले. प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं की फेब्रुवारी २०२४ मध्ये ओटावात या एकाच विषयावर राष्ट्रीय परिषद भरवावी लागली. कॅमेऱ्यांचं म्हणाल तर इथल्या असंख्य दारांवर ते आहेत. त्यांत तोंड झाकलेला माणूस दोन मिनिटांत गाडी घेऊन जाताना स्वच्छ दिसतो, आणि गाडी जातेच.

ती कशी जाते हे समजून घेतलं, तर कुठे पैसे घालायचे ते कळतं. पहिली रीत रिलेची. बिनकिल्लीच्या गाडीचं दार धरलं की गाडी एक क्षीण हाक देते आणि जवळ असलेली किल्ली तिला ओ देते. एक चोर अँटेना घेऊन घराच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी, आणि त्यांची यंत्रं ही हाक आणि ओ एकमेकांकडे पोचवतात. दाराजवळच्या खुंटीवर लटकलेल्या किल्लीला वाटतं गाडी समोरच आहे. यावर उपाय म्हणजे सिग्नल अडवणारी पिशवी किंवा घट्ट झाकणाचा धातूचा डबा. पिशवी घेतल्यावर किल्ली आत घालून थेट गाडीजवळ जा आणि दार उघडून बघा. उघडलं तर पिशवी निकामी. घडी पडून पडून आतलं अस्तर चिरतं, म्हणून ही परीक्षा अधूनमधून पुन्हा घ्यावी. आणि कपाटातली दुसरी किल्ली विसरू नये.

दुसऱ्या रीतीत काच फोडून किंवा दार उघडून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक गाडीचे दोष तपासायला संगणक जोडतो ती जागा) यंत्र जोडतात आणि कोरी किल्ली गाडीला ‘शिकवतात’. इथे पिशवीचा काही उपयोग नाही. सॉकेटवर बसणारं पोलादी कुलूप मात्र खोळंबा करतं.

तिसरी रीत सर्वांत धूर्त. बंपरचा कोपरा किंवा चाकावरचं प्लॅस्टिकचं अस्तर ओढून हेडलाइटचा कनेक्टर सोडवतात आणि तिथूनच गाडीच्या अंतर्गत वायरिंगच्या जाळ्यात खोटा संदेश सोडतात: ‘किल्ली खरी आहे.’ गाडी विश्वास ठेवते. किल्ली घरात पिशवीत असो वा दुसऱ्या देशात, फरक पडत नाही. ही पद्धत २०२३ मध्ये एका टोयोटा आरएव्ही-४ च्या चोरीचा माग काढताना सविस्तर उजेडात आली. म्हणून सकाळी बंपरचा कोपरा सुटलेला दिसला तर ‘कुणीतरी घासून गेलं’ म्हणून सोडून देऊ नका. कदाचित रात्री काम अर्धवट राहिलंय आणि ते पुन्हा येणार आहेत.

अशा वेळी स्टिअरिंगवर बाहेरून लावायचा, जुनाट वाटणारा लॉक कामी येतो. तो कापता येतो, पण कापायला वेळ लागतो, आवाज होतो, आणि चोराला नेमकं तेच नको असतं.

इथून घरच्या चर्चेला घेण्यासारखा एक धडा आहे. कॅनडाने सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांत इमोबिलायझर, म्हणजे खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा, सक्तीचा केला. अमेरिकेने केला नाही, आणि पुढे तिथे इमोबिलायझर नसलेल्या किआ-ह्युंदाई गाड्या पोरं यूएसबी केबलच्या टोकाने चालू करून नेऊ लागली. कॅनडातल्या त्याच कंपन्यांच्या गाड्या त्या लाटेतून वाचल्या. एक ओळीचा नियम हजारो कॅमेऱ्यांपेक्षा भारी ठरला. मात्र तोच नियम वर्षानुवर्षं जुना पडू दिल्याची किंमत कॅनडा आज मोजतो आहे, कारण वरच्या तिन्ही रीती इमोबिलायझरला वळसा घालूनच जातात.

चोरलेली गाडी बहुतेकदा एक-दोन दिवस एखाद्या अनोळखी रस्त्यावर किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये नुसती उभी ठेवतात. ट्रॅकरच्या मागावर कुणी येतंय का, ते बघायला. कुणी आलं नाही की ती कंटेनरमध्ये आणि तिथून मॉन्ट्रियल बंदरात. पुढे आफ्रिका, आखात. त्यामुळे ट्रॅकरची वेळ हे पहिले काही तास, पोलादी कंटेनरच्या आत गेल्यावर सिग्नल संपतो. एअरटॅगवर, म्हणजे वस्तू शोधायच्या ॲपलच्या छोट्या बिल्ल्यावर, विसंबू नका. चोराच्या फोनलाच तो ‘एक टॅग तुमच्यासोबत फिरतोय’ असं सांगून टाकतो. आणि गाडी नकाशावर दिसली तरी आपण स्वतः जायचं नाही, पोलिसांनाच कळवायचं.

चोरी म्हणजे पुरवठासाखळी आहे, हे आपल्याकडे फार कमी बोललं जातं. दुचाकी हँडल लॉक तोडून गेली तर ती कुठल्या गॅरेजात सुटी झाली, सुटे भाग कोणी घेतले, चेसिस नंबर घासलेली गाडी कोणत्या जिल्ह्यात विकली गेली? भाडेकरूंची यादी यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. भंगार आणि जुन्या सुट्या भागांच्या व्यवहाराची नोंद देईल. शिवाय टोरांटो पोलीस वस्तीनिहाय वाहनचोरीची माहिती नकाशावर सर्वांना खुली ठेवतात. आपल्याकडे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) वार्षिक अहवालात शहराचा एकूण आकडा मिळतो, पण माझ्या गल्लीतून काय गेलं ते कळत नाही. नगरसेवकाकडे कॅमेरे मागण्याआधी पोलीस ठाण्यानिहाय हे आकडे मागावेत.

इथली पोलीस व्यवस्था आदर्श आहे, असं मात्र कुणी समजू नये. २०२४ मध्ये टोरांटोत एका जाहीर बैठकीत पोलिसानेच सल्ला दिला की किल्ल्या दाराजवळ ठेवा, म्हणजे चोर घरात शिरून अंगावर येणार नाहीत. हेतू जीव वाचवण्याचा होता, पण लोक संतापले ते योग्यच होतं. विमा पैसे देतो म्हणून गाडी गेली तर गेली, ही सवय समाजाला लागली की असे सल्ले निघतात. आपल्याकडे लोक अजून चिडतात, हे मला चांगलं लक्षण वाटतं.

आता विम्याचं. दोन्हीकडे सक्तीच्या विम्यात चोरी येत नाही. ऑन्टारियोत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे, चोरीसाठी काँप्रिहेन्सिव्ह किंवा ऑल पेरिल्स हा वाढीव विमा घ्यावा लागतो. काही मॉडेलांना कंपन्या ठरावीक ट्रॅकर बसवण्याची अट घालतात, नाहीतर जादा हप्ता लावतात. म्हणून गाडीचा सौदा करण्याआधी त्या मॉडेलचं कोटेशन घ्या. गाडीतला लॅपटॉप गाडीच्या विम्यात नसतो, तो भाडेकरूच्या घरगुती विम्यात येतो. सोन्याला त्या विम्यात छोटी मर्यादा असते, दागिने मूल्यांकन करून वेगळे नोंदवावे लागतात.

महाराष्ट्रात नुसत्या थर्ड पार्टीवर फिरणाऱ्यांना चोरीनंतर काहीच मिळत नाही. तरीही एफआयआर कराच, कारण त्या दुचाकीवरून उद्या कुणी मंगळसूत्र ओढलं तर कागदावर मालक तुम्हीच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, तीन दिवसांत सही करावी लागते. पूर्ण विमा असेल तर कंपनीलाही लगेच कळवा. एफआयआर वेळेत असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवल्यावरून दावा फेटाळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, गाडीची मालकी हस्तांतरित करण्याचे आरटीओचे फॉर्म २८, २९ आणि ३० सही करून घेते, आणि तपास लागला नाही तर पोलिसांचा ‘ए समरी’ (गुन्हा खरा, पण छडा लागला नाही) अहवाल मागते. तो मिळवायला ठाण्यात आणि कोर्टात खेटे पडतात. पॉलिसी घेताना गाडीची घोषित किंमतही (चोरीला गेल्यास जिच्यावर भरपाई ठरते ती, आयडीव्ही) वाचा. प्रमाणित घसाऱ्यानुसार तीन ते चार वर्षांच्या गाडीची किंमत चाळीस टक्के कमी धरलेली असते. गाडी नवी असतानाच ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ची, म्हणजे घसारा न कापता बिलाची किंमत देणारी, जोड घेता येते. जुनी झाली की ती मिळत नाही.