जुन्या गाडीला जास्त ऑक्टेन हवं? त्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज माझ्याकडे नऊ वेळा आला. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या मित्रांकडून, दोन गिऱ्हाइकांकडून. शेवटी एक काका नाशिकला पेठ रोडवरच्या माझ्या गॅरेजवर आले आणि त्यांनी मोबाइलच पुढे धरला. त्यांची १९९८ ची मारुती ८०० गेली अकरा वर्षं माझ्या हाताखालून जाते, म्हणून त्यांना नुसतं ‘काका, सोडून द्या’ म्हणता येईना.

मेसेज थोडक्यात असा: पंधरा वर्षांवरच्या गाडीत साधं पेट्रोल टाकू नका. जुन्या इंजिनाची ताकद कमी झालेली असते, त्याला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल द्या, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही वाढेल. पेट्रोलमधलं शिसं बंद झाल्यापासून जुन्या गाड्यांचे व्हॉल्व्ह जळतात, म्हणून दर टाकीला झाकणभर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते तेल) टाका. प्रीमियम परवडत नसेल तर दहा लिटरला दोन डांबराच्या गोळ्या. आणि इथेनॉलचा त्रास टाळायचा असेल तर ऑक्टेन बूस्टरची बाटली. शेवटी नेहमीप्रमाणे, ‘सर्व वाहनधारकांना पाठवा’.

यातल्या एक-दोन गोष्टींना थोडा आधार आहे. तो जिथे आहे तिथे मान्य करतो. पण बाकीच्यामुळे लोकांचे पैसे जातायत आणि गाड्याही बिघडतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ऑक्टेन, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते. पिस्टन वर येताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो. दाबलं की ते तापतं. प्लगची ठिणगी पडली की आग एका बाजूने सुरू होऊन शिस्तीत पुढे सरकायला हवी. दाब आणि उष्णता फार झाली तर आग पोचायच्या आतच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपणहून भडकतं. चढावर इंजिनातून जो टिणटिण आवाज येतो तो हाच, आपण त्याला नॉकिंग म्हणतो. पेट्रोल हा दाब किती सोसतं, त्याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. एका लिटरमध्ये जळून किती उष्णता मिळणार हे त्या आकड्यावरून कळत नाही. इथेनॉलचंच बघा. त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त, आणि लिटरमागे मिळणारी उष्णता मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी.

आता आपल्या जुन्या गाड्या बघू. मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा म्हणजे कॉम्प्रेशन. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं कॉम्प्रेशन सातच्याही आत, स्प्लेंडर आणि मारुती ८०० नवाच्या आसपास. या गाड्या ज्या काळात बनल्या तेव्हा पंपावर ८७-८८ ऑक्टेनचं पेट्रोल मिळायचं आणि त्यावर त्या नीट पळायच्या. पुढे साध्या पेट्रोलचा आकडा ९१ वर गेला. आता २० टक्के इथेनॉल घातलेल्या पेट्रोलला किमान ९५ ची अट आहे. म्हणजे तुमच्या गाडीला जेवढं लागतं त्यापेक्षा जास्त ऑक्टेन साध्या नळीतूनच मिळतंय. त्याच्या वरच्या आकड्यासाठी दिलेला पैसा त्या इंजिनाला वापरताच येत नाही. नव्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. चांगलं पेट्रोल मिळालं तर संगणक ठिणगी थोडी आधी पाडतो आणि थोडा फायदा काढतो. कार्बोरेटरच्या गाडीत, म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा संगणकाशिवाय साध्या भांड्यात मिसळते, हे ओळखणारं काहीच नसतं. ठिणगीचं टायमिंग जिथे लावलं तिथेच राहणार, पेट्रोल ९५ चं असो की १०० चं. हे १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता. तेवढे पैसे स्प्लेंडरच्या टाकीत ओतणारी माणसं मी बघितली आहेत, आणि मला खरंच वाईट वाटतं.

‘पण माझी गाडी कसारा घाटात नॉक करते, आणि प्रीमियम टाकलं की आवाज जातो,’ असं काही जण सांगतात. खरं सांगतात. मेसेजमधला आधार असलेला भाग तो हाच. वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर आणि हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) कार्बन बसतो. त्याने जागा कमी होते, दाब वाढतो, आणि तापलेला कार्बन मिश्रणाला वेळेआधी पेटवायलाही मदत करतो. अशा इंजिनाची ऑक्टेनची भूक खरोखर वाढते. पण महाग पेट्रोलने तुम्ही फक्त आवाज दाबता, कार्बन आहे तिथेच राहतो. आधी टायमिंग तपासा, रेडिएटर निम्मा बंद झालाय का बघा. इतकं करूनही आवाज राहिला तर हेड उतरवून कार्बन काढा. आणि त्याही आधी एक फुकटचा उपाय: कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना टॉप गिअरमध्ये गाडी रेटू नका, एक गिअर खाली घ्या. निम्म्या गाड्यांचा आवाज तिथेच थांबतो. शहरात तर नॉकिंगची भीती आणखी कमी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, हवा थोडी विरळ, त्यामुळे सिलिंडरमधला दाबही मुंबईपेक्षा जरा कमीच.

‘पंधरा वर्षं’ हा आकडा मेसेजमध्ये आला तो बहुधा आरटीओच्या नोंदणीवरून. पेट्रोल आरसी बुक बघत नाही. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन तर उलट उतरलेलं असतं.

शिशाचा मुद्दा जुना आहे, आणि त्यामागे खरी गोष्ट आहे. पेट्रोलमध्ये पूर्वी टेट्राइथाइल लेड असायचं. ते ऑक्टेन वाढवायचं आणि जळल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडेवर, त्याचा पातळ थर बसायचा. भारतात फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे शिसं नसलेलं पेट्रोल आलं. ज्या इंजिनांत व्हॉल्व्हची सीट हेडच्याच मऊ बिडात कापलेली होती, म्हणजे जुन्या अ‍ॅम्बेसेडरसारख्या, त्यांची सीट सतत जोरात चालवल्यावर खोल जाऊ शकते. पण मारुती ८०० आणि चार स्ट्रोकच्या बहुतेक बाइकांचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियमवर व्हॉल्व्ह आपटून टिकतच नाही, म्हणून त्यात कडक धातूची सीट वेगळी बसवलेली असते. त्यांना शिशाची गरज नव्हती. टू-स्ट्रोक चेतक किंवा आरएक्स १०० मध्ये असे व्हॉल्व्हच नसतात. आणि अ‍ॅम्बेसेडरवाल्यांनो, तुम्हाला शंका असेल तर एक्झॉस्टच्या टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) लिहून ठेवा. दर तपासणीला तो आपोआप कमी होत असेल तर सीट खोल जातेय असं समजा. गॅप वर्षभर तसाच राहिला तर निश्चिंत राहा.

बरं, टू-टी ऑइल शिशाची जागा घेतं का? नाही. टू-स्ट्रोकमध्ये ते इंजिनाचं वंगण असतं, चेतकला लिटरमागे साधारण २० मिली, आणि तिथे ते टाकलंच पाहिजे. चार स्ट्रोकमध्ये वंगण खालच्या ऑइल पॅनमधून येतं, पेट्रोलमधल्या तेलाला काही काम उरत नाही. ते जळतं, धूर करतं, प्लगवर आणि पिस्टनवर कार्बन सोडतं. वर तेलामुळे पेट्रोलचा ऑक्टेन उतरतो. एकाच मेसेजमध्ये आधी ऑक्टेन वाढवायला सांगितलंय आणि दोन ओळींनी तो उतरवायची कृती दिलीय.

डांबराच्या गोळ्यांचं मात्र मनावर घ्या. मागच्या हिवाळ्यात मखमलाबादहून एक मुलगा स्प्लेंडर ढकलत घेऊन आला. घरच्या द्राक्षबागेत जायची-यायची गाडी, निफाडकडे पारा घसरला होता त्या आठवड्यातली सकाळ. कार्बोरेटर उघडला तर कपाटातल्या साड्यांचा वास आला. मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा स्क्रू, काढून उजेडासमोर धरला, भोक दिसेना. सुईने टोकलं तर बारीक पांढरे, चमकणारे कण बोटावर आले. डांबराच्या गोळीतलं नॅफ्थलीन पेट्रोलमध्ये विरघळतं, पण पेट्रोल गार झालं किंवा उडून कमी झालं की त्याचे परत खडे होतात, आणि ते जिथे सगळ्यात बारीक भोक आहे तिथेच अडकतात. दोन गोळ्यांनी दहा लिटरचा ऑक्टेन काही हलत नाही. त्यातच बाजारातल्या बऱ्याच पांढऱ्या गोळ्या नॅफ्थलीनच्या नसतातच, पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात. त्यात क्लोरीन असतं, जळल्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ते सायलेन्सरमधून जातं, व्हॉल्व्हवरून जातं.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीबद्दल थोडंच. काही बूस्टरमध्ये मँगनीजचं संयुग असतं. सतत वापरलं की प्लगचा चिनी मातीचा भाग विटेसारखा केशरी होतो आणि तो थर सहज निघत नाही. ज्या गाडीला जादा ऑक्टेन लागतच नाही तिला हे कशासाठी? डिटर्जंटवाला फ्युएल क्लीनर ही वेगळी गोष्ट आहे, त्याला मी नाही म्हणत नाही. इंजेक्शनच्या जुन्या गाडीत पॉलिइथर अमाइन या डिटर्जंटची एखादी बाटली अधूनमधून टाकली तर इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्ह स्वच्छ राहायला मदत होते. प्रीमियम पेट्रोलातही अशी डिटर्जंट असतात, त्याचा तेवढा फायदा खरा. फक्त खूप जुन्या टाकीत पहिल्यांदा टाकाल तर सोबत नवा फिल्टर ठेवा. सुटलेला गंज आणि मळ आधी तिथेच येतो.

राहिलं इथेनॉल. जुन्या गाडीची खरी काळजी आज इथे आहे. मेसेज त्याचं नाव घेतो आणि उपाय चुकीचा सांगतो. इथेनॉलमुळे ऑक्टेन कमी होतच नाही, वाढतो. मग ऑक्टेन बूस्टरने काय सुटणार? आणि नेहमीच्या ९५ च्या प्रीमियमातही इथेनॉल असतंच. त्रास तीन वेगळ्या जागी होतो.

एक, अ‍ॅव्हरेज. निती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी ट्यून केलेल्या चारचाकीचं मायलेज २० टक्के मिश्रणावर साधारण ६ ते ७ टक्के घटेल, दुचाकीचं ३ ते ४ टक्के. ही घट पेट्रोलातल्या उष्णतेची आहे, ती बाटलीतून भरून येत नाही.

दोन, मिश्रण. पेट्रोलला एका किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. जुन्या कार्बोरेटरचा जेट पेट्रोलच्या हिशोबाने पाडलेला, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. सकाळी चोक जास्त वेळ धरावा लागतो, सिग्नलवरून उचलताना गाडी गचका खाते, प्लग पांढरट दिसतो. यावर उपाय कार्बोरेटरवालाच करेल: एअर स्क्रू नीट लावायचा, गरज पडली तर मेन जेट एक नंबर मोठा टाकायचा आणि प्लग बिस्किटाच्या रंगावर आणायचा.

तीन, रबर आणि पाणी. काकांच्या गाडीचं बोनेट त्यांच्यासमोरच उघडलं. पंपापासून कार्बोरेटरकडे जाणारी नळी बोटांनी दाबली, तर ती खव्यासारखी मऊ लागली आणि क्लिपजवळ ओलसर होती, खाली एक्झॉस्ट. कार्बोरेटरचा बाऊल (पेट्रोल साठतं ती खालची वाटी) काढून पांढऱ्या बशीत ओतला. तळाशी पाण्याचे दोन थेंब वेगळेच लोळत होते. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं. मर्यादा ओलांडली किंवा थंडी पडली की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून तळाला बसतात, आणि इंजिनाकडे पेट्रोल नेमकं तिथूनच ओढलं जातं. हे पाणी हवेतल्या दमटपणातून फारसं येत नाही, टाकीच्या झाकणाच्या कडक झालेल्या रबरातून येतं. काका पावसाळ्यात दोनदा त्र्यंबकला जाऊन आले होते, गाडी दोन्ही वेळा दिवसभर उघड्यावर.

मी काय बदललं ते सांगतो: इथेनॉल चालणारी, आर९ छाप असलेली पेट्रोलची नळी, कार्बोरेटरच्या फ्लोटची व्हायटॉन (इथेनॉल सोसणारं रबर) टोकाची पिन, टाकीच्या झाकणाचं रबर, फिल्टर. प्रीमियमला लिटरमागे सात-आठ रुपये जास्त धरले तर महिना ४० लिटर घालणाऱ्या माणसाचे वर्षाला साडेतीन हजार जातात. हा सगळा सामान-मजुरीचा खर्च त्याच्या आत बसला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी फार रिकामी ठेवू नका आणि आठवड्यातून एकदा तरी चालवा, हे काकांना मी तोंडी सांगितलं. त्यांनी मेसेजच्या खाली टाइप करून घेतलं.

जास्त ऑक्टेन खरंच लागतं अशा गाड्या आहेत. बाराच्या वर कॉम्प्रेशन असलेली केटीएम ३९० बाइक, काही टर्बो पेट्रोल गाड्या. तिथे पैसे वाया जात नाहीत. त्यांच्या मॅन्युअलमध्ये किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरवर किमान ऑक्टेनचा आकडा छापलेला असतो. तुमच्या गाडीचा आकडा तिथे वाचा. मॅन्युअल हरवलं असेल तर गाडीचं मॉडेल आणि साल लिहून पाठवा, मी बघून सांगेन.