हजार लोकांना विचारून काय कळतंय? कळतंय की!

सोलापूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरायलाय, तुम्हालाही आला असेल. म्हणे सर्व्हे म्हणजे सगळं थोतांड, साडेनऊ लाखांच्या शहरात हजार जणांना विचारून काय कळणार, मला तर आजवर कुणी विचारलं नाही, लोक तसंही खोटंच सांगतात, आणि त्यापेक्षा आमच्या ग्रुपच्या पोलमध्ये चार हजार मतं पडली, तीच खरी जनता. मला हे वाचून राहवलं नाही.

हजारचं आधी. माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली असतील, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी असेल, तर हजार जणांत येणारा आकडा साधारण 3 टक्के इकडेतिकडे होतो, आणि शहर साडेनऊ लाखांचं असो की देश 140 कोटींचा, या 3 टक्क्यांत फारसा फरक पडत नाही. नमुना, म्हणजे विचारायला घेतलेली माणसं, कशी निवडली ते बघायचं. तुम्हाला कुणी विचारलं नाही म्हणता, तर साडेनऊशे माणसांमागे एकाचा नंबर लागतो, म्हणून नाही विचारलं, एवढंच.

आता ते चार हजार. 1936 साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं टेलिफोन डिरेक्टरी न् गाडीमालकांच्या याद्या काढून कुणाला मत देणार हे विचारणारी जवळपास 1 कोटी कार्डं पाठवली, 20 लाखांच्या वर परत आली, आणि त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं घेऊन गेले. मंदीच्या काळात फोन न् गाडी कुणाकडे होती, आणि कार्ड परत पाठवायची तसदी कुणी घेतली, सगळी गोम तिथं. आपल्या ग्रुपवर तरी कोण आहे? जुळे सोलापूर, होटगी रोड, मराठी टाईप करणारी मंडळी. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी, दिवसभर विड्या वळणारी बाई त्या चार हजारांत आहे का? आणि प्रश्न काय होता, तर "पाणीपट्टी वाढवून जनतेला लुटायला तुमचा पाठिंबा आहे का?" याला हो कोण म्हणणार हो! शब्दानं किती फरक पडतो हे 1940 च्या सुमारास अमेरिकेत डोनाल्ड रग या संशोधकानं तपासलंय. लोकशाहीविरोधी भाषणांवर बंदी घालावी का, असं विचारलं तर 54 टक्के हो म्हणाले, पण परवानगी द्यावी का, असं दुसऱ्या गटाला विचारलं तर 75 टक्के नको म्हणाले. गोष्ट तीच की!

लोक खोटं सांगतात हे मात्र खरंय, आणि सगळ्यात जास्त विचार यावरच झालाय. समजा विडी कामगार बाईला विचारायचंय, नवरा दारू पिऊन मारतो का. ती सुपात पानं-तंबाखू घेऊन उंबऱ्यात बसलीय, मागं सासू, ती "नाही" म्हणून मान खाली घालून वळत राहणार. म्हणून काय करतात, घरं चिठ्ठीनं दोन गटांत वाटतात, एका गटाला तीन साध्या गोष्टी वाचून दाखवतात, दुसऱ्याला त्याच तीन अधिक ही चौथी, आणि म्हणतात की कुठली ते सांगू नका, किती लागू पडतात तेवढा आकडा सांगा. समजा पहिल्या गटाची सरासरी 1.6 आली न् दुसऱ्याची 1.9, तर फरक 0.3 चा, तो चौथ्या गोष्टीमुळंच, म्हणजे अंदाजे 30 टक्के घरांत मारहाण आहे, आणि कुठल्याच बाईला ते तोंडानं सांगावं लागलं नाही. याला थोतांड म्हणायचं?

एक्झिट पोलचं उदाहरण त्या मेसेजमध्ये दिलंय, ते मान्य. 2024 ला बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या होत्या, आल्या 293. पण मतांच्या टक्केवारीवरून जागा काढणं हा वेगळाच अवघड हिशोब आहे, त्यात नमुना कसा निवडला, प्रश्न काय विचारला, आकडे मागाहून किती दुरुस्त केले, हे बरेच जण उघड सांगत नाहीत. राग काढायचा तर या लपवालपवीवर काढा, आणि तेच तीन प्रश्न त्या चार हजारवाल्या ग्रुपच्या ॲडमिनलाही विचारा.