निसूर कसे व्हावे

समजा, तुम्ही जुमलेदार, म्हणजे घोडदळातले अधिकारी आहात. मुक्काम चिपळूणजवळ, वैशाख तापलेला, पागेत घोडी बांधलेली. राज्याभिषेकाच्या (1674) आगेमागेचे दिवस. अशात दाणा जपून वापरा, रयतेला त्रास देऊ नका, विस्तव सांभाळा असे बजावणारे शिवाजी महाराजांचे लांबलचक पत्र येते. घाबरू नका. पत्र कपाळाला लावून कारकुनाच्या हाती दिले की अर्धे पालन झालेच.

आधी दाण्याचे बघू. दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी केलेला साठा लष्कराच्या मुक्कामात बराचसा उडाला. मग गडोगडचा गल्ला देववून पागेची जैसी तैसी बेगमी झाली. तुम्हाला काय त्याचे? आज कोठार भरलेले आहे, आज घोड्यांना रातीब, म्हणजे रोजचा खुराक, दुप्पट घाला. घोडी काही पंचांग वाचत नाहीत. कारकून माप धरून देऊ लागला तर त्याच्याशी धसफस करा, 'अमकेच द्या, तमकेच द्या' म्हणून आवाज चढवा. (हे शब्द माझे नव्हेत, पत्रातलेच. कोठाराच्या दारातले भांडण खुद्द राजाला इतके नेमके कसे ऐकू आले, कोण जाणे!) पडत्या पावसात काहीच मिळणार नाही आणि घोडी मेली तर ती तुम्हीच मारली असे होईल, असेही त्यात लिहिले आहे. पण पाऊस अजून पडलाय कुठे?

दाणा संपला तरी आसपास कुणबी आहेतच. पत्रात तर यादीच तयार मिळते: 'कोण्ही भाकर, कोण्ही गवत, कोण्ही फाटे'. माणसे वाटून द्या, काम सोपे होईल. 'बाजारास जावे, रास विकत आणावे' या ओळीवर मात्र बोट ठेवून पुढे सरका. खजिन्यातून वाटणी पदरात पडली आहे खरी, पण पदरातले पैसे भाजीवर घालवायचे असतात का? लोक म्हणतील, मोगल परवडले. म्हणू देत. तळतळाटाला हजेरीपटात रकाना नसतो.

आता खरी करामत, विस्तवाची. गवताच्या गंजीपासून चार हातांवर चूल मांडा, वारा कुठून येतो ते बघू नका. तंबाखूला निखारा हवा असेल तर उघडाच हातात धरून पागेच्या खणाखणातून, छपराछपराखालून फिरा. रात्री दिवा तसाच ठेवून झोपा. महाराजांना त्या दिव्याचीही काळजी: 'अविस्राच उंदीर वात नेईल'. विचार करा, ज्याच्या डोक्यावर मोगल आणि विजापूर, तो मनुष्य चिपळूणच्या छावणीतल्या एका उंदराच्या तोंडातली वात बघतो आहे! तुम्ही एवढे बारीक बघू नका, डोळे दुखतात. वरिष्ठांनी स्वतः फिरून चुली तपासाव्यात असाही हुकूम आहे. पण फिरायचे म्हणजे उठावे लागते.

एवढे निगुतीने केलेत की फळ काय ते पत्राच्या शेवटाकडे आहेच: 'घोडी बांधावी न लगेत, खायास घालावे न लगे, पागाच बुडाली! तुम्ही निसूर जालेत!' निसूर म्हणजे निश्चिंत. बघा, खुद्द धन्याने वाट दाखवली. खरारा नाही, लीद काढणे नाही, कारकुनाशी हुज्जत नाही. सकाळी उन्हे अंगावर येईपर्यंत ताणून द्या. एक खण उभा करायला लाकूड मिळणार नाही म्हणतात, पण बांधायला घोडेच नाही तर खण हवा कशाला?

चौकशी लागलीच तर 'उंदराने वात नेली' असे लिहून द्यावे म्हणतो. पंचाईत एवढीच, की त्या उंदराचे नाव पत्रात आधीच येऊन गेले आहे. दुसरे जनावर शोधा.