‘एकच इंजेक्शन दिलं’ या एक स्टारच्या ऑनलाइन तक्रारीला हॉस्पिटलतर्फे उत्तर

नमस्कार ताई. वडिलांच्या हर्नियाच्या टाक्यांत पू झाला, ड्रेसिंगसाठी तुम्हाला पुन्हापुन्हा खेपा घालाव्या लागल्या, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. ऑपरेशन आमच्याकडे झालं, तेव्हा जाब आम्हालाच विचारणार, आणि तो तुमचा हक्कच आहे.

पण ‘अँटिबायोटिकचं एकच इंजेक्शन देऊन पैसे वाचवले’ हे वाक्य फार लागलं. ते इंजेक्शन चिरा देण्याआधी तासाभरात द्यायचं असतं, म्हणजे कातडी उघडते तेव्हा औषध तिथे पोचलेलं असतं. तुमच्या वडिलांना ते वेळेवर दिलं, भूलतज्ज्ञांच्या कागदावर वेळ लिहिलेली आहे, येऊन बघा. टाके घातल्यावर तेच औषध पाच दिवस चालू ठेवलं तरी जखमेचा संसर्ग त्याने टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: ऑपरेशननंतर ते लांबवू नका. लांबवलं की औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जातात, जुलाब होतात ते वेगळेच. आणि पाच दिवस इंजेक्शनं लावली असती तर बिल तुमचंच वाढलं असतं ना? मग पैसे कोणाचे वाचले?

हत्यारं ‘नुसती उकळतात’ हेही खरं नाही. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुक करायच्या यंत्रात, १२१ अंशांवर, वाफेच्या दाबाखाली ठेवतो. हत्यारांच्या डब्यावरच्या, म्हणजे ड्रमवरच्या, पट्टीच्या रेषा काळ्या पडल्याशिवाय तो ऑपरेशन थिएटरमध्ये जात नाही.

राहिली आमची सिस्टर. तिला तुम्ही उद्धट म्हणालात. त्या संध्याकाळी कॉटवर पाहुणे बसले होते आणि एका काकांनी चिकटपट्टी उचलून टाके बघितले, म्हणून तिने सगळ्यांना बाहेर काढलं. जखमेत पू करणारे जंतू बरेचदा हातांवरून पोचतात, कधी पेशंटच्या स्वतःच्या कातडीवरचेही असतात. काकांमुळेच पू झाला असं मी म्हणत नाही, ते कोणालाच सांगता यायचं नाही. पण हात न धुता जखमेला कोणी शिवू नये, डॉक्टरनेसुद्धा, हे सांगणं तिचं कामच आहे. माझ्या स्टाफला असं चारचौघांत बोललेलं मला सहन होत नाही.

तालुक्याच्या गावातलं आमचं छोटं हॉस्पिटल. एक स्टार वाचून माणसं जिना चढत नाहीत, ताई.

प्रत्येक कॉटपाशी सॅनिटायझरची बाटली लावतो आहोत, भेटीच्या वेळांचंही बघतो. जखम भरेपर्यंत ड्रेसिंगचे पैसे घेणार नाही. सकाळी ओपीडीच्या आधी आणा, थांबावं लागणार नाही. पूच्या कल्चरचा, म्हणजे त्यात कोणते जंतू आहेत त्या तपासणीचा, रिपोर्ट आला आहे, औषध त्याप्रमाणे बदलायचं आहे, म्हणून आधीच्या गोळ्याही बरोबर आणा.