‘जिम्नॅस्टिक्स अठराव्या वर्षी संपतं’: त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज वरचेवर फिरतो. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: जिम्नॅस्टिक्स कोवळ्या हाडांचा खेळ, अठरा ओलांडली की अंग कडक होतं आणि खेळ संपला. लग्न-बाळंतपण झाल्यावर तर विषयच सोडा. एकदा निवृत्त होऊन परत येणाऱ्या सोपं काहीतरी करून टाळ्या घेतात आणि तरुण पोरींच्या जागा अडवतात. शेवटी सल्ला: एसएसएलसीच्या (दहावीच्या) आधीच मुलीला थांबवा.

सल्ला नसता तर मेसेज वाचून सोडून देता आला असता. तो आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘अठराला खेळ संपतो’

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाप्रमाणे मुलगी ज्या वर्षी 16 पूर्ण करते, त्या वर्षापासून ती सीनियर स्पर्धेत उतरू शकते. ही अट 1997 पासूनची. त्याआधी 1981 पासून ती 15 होती. मेसेज खरा मानायचा तर अख्खी सीनियर कारकीर्द दोन वर्षांची होते.

कोवळ्या पोरींचा खेळ ही समजूत रुजली ती 1976 ला मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये रोमानियाची नादिया कोमानेची 14 व्या वर्षी जिंकली त्यानंतर. त्याच्या वीस वर्षं आधी, 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, हंगेरीच्या आग्नेश केलेतीने चार सुवर्णपदकं घेतली होती, वयाच्या 35 व्या वर्षी. आणि 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑल-अराउंड (सगळ्या उपकरणांच्या एकत्रित गुणांची स्पर्धा) जिंकणारी अमेरिकेची सिमोन बाइल्स 27 वर्षांची होती. 2021 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर ती जवळपास दोन वर्षं स्पर्धेबाहेर होती आणि 2023 मध्ये परतली.

‘अंग कडक होतं, मग जमत नाही’

इथे मेसेजने भलतीच गोष्ट पकडली आहे. लवचिकता नियमित ताण देऊन बऱ्यापैकी परत येते. ताकद तर पंचविशीनंतरही वाढवता येते. मागे राहतात त्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर. स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, कंडरांना महिने लागतात. म्हणून परत आलेल्या खेळाडूला तिसऱ्या महिन्यात ‘आता जुनं सगळं जमतंय’ असं वाटतं, आणि टाचेमागची अकिलीस कंडरा तुटते ती नेमकी अशाच वेळी. फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरतीत) टंबलिंगच्या, म्हणजे सलग कोलांट्यांच्या, टेक-ऑफला या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या दहा पटींहून जास्त भार येऊ शकतो.

तालमीत खंड पडलेल्या पैलवानाला वस्ताद पहिल्या दिवशी जोडीला लावत नाहीत, आधी जोर-बैठका काढून घेतात. इथेही तसंच. आधी सरळ गुडघ्याने आणि वाकवलेल्या गुडघ्याने, एकेका पायावर टाचा उचलणं. एका पायावर सलग 20 ते 25 पूर्ण उंचीचे, न डगमगता झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाच ठणकली नाही, तर पुढं जायचं. मग दोरीवरच्या उड्या, मग ट्रॅम्पोलिन किंवा टंबल ट्रॅक (उसळणारी लांब पट्टी), मग मऊ मॅटवर लँडिंग, आणि अगदी शेवटी स्पर्धेचा फ्लोअर. कडक मॅटवर सुरुवातीला एका सत्रात 15-20 लँडिंगच्या वर नको, आणि लागोपाठ दोन दिवस तर नकोच.

आपल्याकडे फोम पिट (फोमच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा) नसलेल्या हॉलमध्ये हा क्रम दुप्पट महत्त्वाचा. जाड मॅट एकावर एक आणि शेजारी-शेजारी टाकून काम भागवतात, पण दोन मॅटच्या फटीत घोटा मुरगळतो, म्हणून वरून एक सलग मॅट हवीच. जून ते सप्टेंबर बेळगावच्या पावसात हॉल गारठलेला आणि दमट असतो. तेव्हा वॉर्म-अप दहा मिनिटांत उरकून व्हॉल्टला (धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीला) धावणं म्हणजे दुखापत ओढवून घेणं.

दुसरी अडचण डोक्यातली: हवेत असताना आपण कुठे आहोत याचं भान. बाइल्सला टोकियोत याच त्रासाने थांबावं लागलं. सुट्टीनंतर पिळाच्या (हवेत गिरकी घेण्याच्या) उड्या म्हणूनच अर्ध्या पिळापासून परत बांधायच्या. ‘अंगात आहे, येईल आपोआप’ म्हणून थेट दोन पिळांना हात घालणाऱ्याचा गुडघा जातो.

‘बाळंतपणानंतर अशक्य’

उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना 1975 ची. मुलगा 1999 ला झाला. त्यानंतर 2003 ला व्हॉल्टचं जागतिक सुवर्ण, 2008 ला बीजिंगमध्ये जर्मनीकडून व्हॉल्टचं रौप्य, वय 33. टोकियो हे तिचं आठवं ऑलिंपिक, तेव्हा ती 46 वर्षांची होती. निवृत्ती तिने एकाहून अधिक वेळा जाहीर केली आणि मागे घेतली. अमेरिकेची चेल्सी मेमेल, 2005 ची जागतिक ऑल-अराउंड विजेती, दोन मुलांनंतर 2021 मध्ये 32 व्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत उतरली.

अट एवढीच की घाई नको. धावणं-उड्या किमान 12 आठवड्यांनंतर, आणि त्याआधी पोटाच्या मधल्या स्नायूंमधली फट व ओटीपोटाच्या तळाचे स्नायू फिजिओथेरपिस्टकडून तपासून. उडी मारताना लघवी निसटत असेल तर लाजून गप्प बसू नये, भार कमी करायचा एवढाच त्याचा अर्थ.

‘सोपं करून टाळ्या घेतात’

2016 ला रिओच्या व्हॉल्ट फायनलमध्ये प्रोदुनोव्हा (टेबलावर हात टेकून पुढे दोन कोलांट्यांची उडी) कोणी मारली? आपली दीपा कर्माकर आणि 41 वर्षांची चुसोवितिना. त्या वेळी या उडीची काठिण्यपातळी (अवघडपणाचे गुण) 7.0 होती. दीपा चौथी, चुसोवितिना सातवी. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दीपाने 2018 ला मर्सिनच्या वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये व्हॉल्टचं सुवर्ण घेतलं. पुढे बंदी असलेल्या हायजेनामाइनमुळे 21 महिने बाहेर राहून, 2024 ला ताश्कंदच्या आशियाई स्पर्धेत 30 व्या वर्षी पुन्हा व्हॉल्टचं सुवर्ण.

जे खरं आहे ते वेगळं: अनुभवी खेळाडू चारही उपकरणं करत बसत नाहीत, एक-दोन निवडतात. व्हॉल्टला सरावाच्या फेऱ्या मोजक्या पुरतात, म्हणून बहुतेकींचा ओढा तिकडे. फ्लोअरचा मार्ग कठीण, तरी इटलीच्या व्हानेसा फेरारीने टोकियोत 30 व्या वर्षी फ्लोअरचं रौप्य घेतलंच. गुणांचा हिशेबही परतणाऱ्याच्या बाजूचा आहे. पडल्यास 1.00 जातो, मोठ्या पावलाला 0.3, छोट्याला 0.1. तीन-चार दशांशांनी अवघड पण हमखास पडणाऱ्या घटकापेक्षा स्वच्छ घटक फायद्याचा. त्याला सोपं म्हणत नाहीत, हिशेब म्हणतात.

‘तरुणांची जागा अडवतात’

जागा गुणांवर मिळते. चुसोवितिनाने टोकियोची जागा 2019 च्या जागतिक स्पर्धेतून स्वतः कमावली. पॅरिससाठी ताश्कंदला दुखापतीने माघार घ्यावी लागली, तर जागा गेली. दीपाला तिथंच व्हॉल्टचं सुवर्ण मिळालं, पण पॅरिसची जागा ऑल-अराउंडच्या गुणांवर होती, म्हणून तिलाही ती मिळाली नाही. दोघींची नावं कितीही मोठी असोत.

मेसेजला म्हणायचं असतं तर हे म्हणता आलं असतं: परत येणारे बरेचजण यशस्वी होत नाहीत. अमेरिकेची ऑलिंपिक विजेती गॅबी डग्लसही 2024 ला घोट्याच्या दुखापतीने बाहेर पडली. आणि कागदपत्रांचं कोणी सांगत नाही. उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत यादीत असताना निवृत्त झालेल्या खेळाडूने परतण्याआधी सहा महिने लेखी कळवावं लागतं. गुडघ्यात घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन 2022 पासून स्पर्धाकाळात बंदीच्या यादीत आहे, त्यामुळे हाडांच्या डॉक्टरांना आधीच ‘मी स्पर्धक आहे’ असं सांगायचं. वजन घटवणाऱ्या पावडरींपासून तर लांबच राहायचं. हायजेनामाइन अशाच पूरकांमधून सापडतं.

राहिला एसएसएलसीचा सल्ला. त्या वर्षी रोजचा सराव जमत नाही, मान्य. आठवड्यातून तीन दिवस, 45 मिनिटं पुरतात: हँडस्टँड, बारला लटकून पाय उचलणं, एका पायावर टाचा उचलणं, पुढच्या-मागच्या कोलांट्या आणि मऊ मॅटवर दहा लँडिंग. लँडिंग पूर्ण बंद करू नका, कारण मार्चनंतर परत आलेल्या मुलींना सगळ्यांत जड तेच जातं.