मुतखडा, गीझर आणि चिमूटभर मीठ

गेले पंधरा दिवस आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर, मिसेसच्या भिशीच्या ग्रुपवर आणि काल तर तालमीच्या ग्रुपवरही एकच मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: थेट पाईपलाईन आल्यापासून कोल्हापूरच्या नळाला हार्ड पाणी येतंय. पातेल्याला पांढरा थर बसतो ती महापालिकेची केमिकल पावडर. या पाण्यानं मुतखडा होतो, केस गळतात. तुरटी फिरवा, पाईपला चुंबक बांधा, नाहीतर सरळ आरओ बसवा. खाली हात जोडलेले इमोजी.

मी शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालोय. पुस्तकात या पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात. हा शब्द घरी जाऊन वापरणारं एकही पोर मला भेटलं नाही, पण शब्द चपखल आहे. ज्याचा फेस होत नाही ते दुष्फेन. मेसेज खरा की खोटा हे तपासायला एवढा अर्थ पुरतो.

आधी नळाचं बघू. थेट पाईपलाईनचं पाणी 2023 च्या दिवाळीत शहरात आलं, ते दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून. त्याआधी आपण भोगावती-पंचगंगेचं पाणी प्यायचो, बालिंगा-शिंगणापूरहून उपसलेलं. दोन्हीकडं मुळात सह्याद्रीतला पाऊस. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम नसतोच म्हटलं तरी चालेल. ते काळ्या पत्थरात मुरून महिनोन्‌महिने पडून राहिलं, की खडकातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात विरघळतो. म्हणजे हार्ड पाणी धरणात नाही, आपल्याच पार्किंगमधल्या बोअरमध्ये आहे.

पटत नसेल तर एक बाटली सकाळी चावीला, म्हणजे महापालिकेच्या खालच्या नळाला, पाणी आल्यावर थेट तिथं भरा आणि दुसरी बोअरच्या पाण्यानं. दोन्हीत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाका आणि हलवा. मागं मी हे करून बघितलं तेव्हा आमच्याकडं पहिली बाटली बुचापर्यंत फेसानं भरली. दुसरीत ताकासारखं गढूळ पाणी आणि वर दह्याच्या कण्या. मग मी तिसरी बाटली भरली, बाथरूमच्या नळाची. ती दोन्हींच्या मधली निघाली. कारण उघड होतं. तेव्हा उन्हाळ्यात महापालिकेचं पाणी कमी पडलं की वॉचमन बोअरची मोटर चालू करायचा आणि दोन्ही पाणी वरच्या एकाच टाकीत पडायचं. नळ महापालिकेचा वाटायचा, पाणी निम्मं आपलंच असायचं.

आता पांढरा थर. ती पाणी निर्जंतुक करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नव्हे. पाणी तापलं की त्यात विरघळलेला बायकार्बोनेट मोडतो आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाला बसतो, म्हणजे फळ्यावरच्या जुन्या खडूचाच भाऊ. गेल्या वर्षी आमचा गीझर तापेना म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्यानं कॉइल बाहेर काढली आणि माझ्यापुढं धरली. ‘सर, ही कॉइल न्हवं, खडूचा कांडका झालाय.’ बोटाएवढी जाड पांढरी साल, मध्ये मध्ये तडे गेलेले आणि एका तड्यातून जळकं काळं तांबं दिसत होतं. सालीचा तुकडा वाटीत ठेवून वर लिंबू पिळलं तर फसफसून बुडबुडे आले. केमिकल पावडर शोधणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

मेसेजनं रंगवायला हवं होतं ते नुकसान हे. थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही, कॉइल आतल्या आत तापून जळते आणि वीजबिल चढतं ते वेगळंच. सोलरच्या नळ्यांची तीच गत. शॉवरची भोकं बुजतात, साबण दुप्पट लागतो. शिवाय डाळ! बोअरच्या पाण्यात हरभरा शिजत नाही हे माझी आई सांगायची, आणि ते शंभर टक्के खरं. दाण्यातल्या पेशी चिकटवून धरणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट बांधून ठेवतो. पण डाळ न शिजण्याची भीती कुणी फॉरवर्ड करत नाही.

मुतखडा जरा सविस्तर बघू, कारण लोक खरे घाबरलेत ते त्यालाच. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, म्हणून कॅल्शियमवर आळ येतो. पण जेवणाखाण्यातला कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतो आणि बाहेर काढतो. खड्याचं मोठं कारण पाणी कमी पिणं. लिटरला 300 मिलिग्रॅम हार्डनेस असलेलं पाणी घ्या (हा आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात). तो सगळा कॅल्शियमचा धरला तरी लिटरभरात सुमारे 120 मिलिग्रॅम कॅल्शियम. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध एक ग्लास पिता, त्यात निदान याच्या दुप्पट असतो. त्या कट्ट्यावर मुतखड्याच्या भीतीनं कुणी ग्लास खाली ठेवलेला मी तरी बघितला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं हार्डनेससाठी आरोग्याची म्हणून मर्यादाच घातलेली नाही. आपल्या भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅम ही चांगली पातळी आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या, असं आहे. ज्यांना आधीच खड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं, मेसेजला नको.

केस राठ होतात हे खरं, साबणाचा चिकटा बसतो म्हणून. टक्कल पडत नाही. माझं पडलंय, पण ते आजोबांकडून आलंय.

उपायांत तुरटी गाळ बसवते, विरघळलेला कॅल्शियम तिला दाद देत नाही. चुंबक बांधल्यानं तो पाण्यातून कुठं जात नाही. उकळल्यानं थोडा जातो, बायकार्बोनेटवाला तेवढा. सल्फेट-क्लोराईडचा तसाच राहतो. त्या कॉइलनंतर आम्ही सोसायटीत बोअर फक्त फ्लशला आणि झाडांना ठेवला, दोन टाक्या वेगळ्या केल्या. मीटिंगमध्ये भांडणं झाली, पण वर्षात कॉइल बदलावी लागली नाही.

पाण्याची भीती बाळगायचीच असेल तर योग्य जागी बाळगा. 2012 साली इचलकरंजीत कावीळ पसरली आणि माणसं गेली, ती कॅल्शियमनं नव्हे, पिण्याच्या पाण्यात मैला मिसळल्यानं. पंचगंगेत आजही सांडपाणी जातंय. गळक्या पाईपशेजारून गटार वाहत असेल तर त्यावर मेसेज करा, मी स्वतः पुढं पाठवतो.

राहिला आरओ. गेल्या महिन्यात एक पोरगा दारात आला, हातात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) आणि दोन-दोन सळ्यांचं यंत्र. एका ग्लासात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. बटण दाबलं. आमचं पाणी मिनिटभरात तांबूस-हिरवं, वर फेसाळ गाळ. त्याचं नितळ. ‘काका, हे तुम्ही पिताय.’ मिसेसचा चेहरा पडला.

सळ्यांतली एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं, गंज उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार अगदी थोडे, म्हणून वीज फारशी वाहत नाही आणि गंजही दिसत नाही. घाण पाण्यातून नव्हे, सळीतून येते. मी स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणलं आणि त्याच्या नितळ ग्लासात टाकलं.

‘आता दाब बाळा बटण.’

तोही ग्लास तांबूस झाला.

‘काका, मीठ घातल्यावर व्हणारच की!’ पोरगा म्हणाला.